पायाखालचा शेजार

"पाय उचलू नका ताई. हाय तितंच हुभं ऱ्हावा."

मामांनी हे इतक्या हळू सांगितलं की मला आधी साप वाटला. मे महिना, सकाळचे साडेसहा. आळत्याच्या रामलिंग डोंगराकडून उतरत आलेला मुरमाड माळ, समोर हेकळीचं एक बुटकं झुडूप, त्याच्या बुडाशी वाळलेली कुसळं आणि उन्हानं भाजून तांबूस झालेले दगड. मामांची मेंढरं मागे शंभरेक पावलांवर चरत होती. मामांनी काठीचं टोक माझ्या पायापासून हातभर अंतरावर धरलं. "दिसतंय का काय?" दिसत होते ते दगडच. मी वाकून पाहिलं, डोळे बारीक केले, तरी दगडच.

"आता टाका पाय."

मी पाय टाकला आणि जमीन फुटली. फर्रर्र असा आवाज चारी बाजूंनी एकदम उठला. मातीच्या रंगाचे मुठीएवढे गोळे गुडघ्याजवळून वाट फुटेल तिकडे सुटले आणि पन्नास-साठ पावलांवर गवतात पडले. पडले ते दिसेनासेच झाले. माझ्या छातीतली धडधड थांबायच्या आत माळ पुन्हा पहिल्यासारखा गप्प. मी सात मोजले होते. मामा म्हणाले, "अकरा. आन् दोन अजून हितंच हायती." त्यांनी काठी जमिनीवर आपटली, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी ते दोघंही उडाले.

लाव्हा. मामांच्या बोलीत लाव्हरं.

दिवाळी अंकाचा यंदाचा विषय 'शेजार' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा वाड्याची भिंत, चाळीचा कठडा, शेताचा बांध असं बरंच काही मनात येऊन गेलं. मग वाटलं, ज्याच्या दारावरून आपण रोज जातो आणि ज्याचं तोंडही कधी पाहिलेलं नाही, असा एक शेजारी शोधावा. कोल्हापुरातून हातकणंगल्याकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर तो राहतो. त्याची जागा मात्र यापेक्षा नेमकी सांगणार नाही. का, ते पुढे येईलच.

एक जिल्हा, तीन लाव्हे

कोल्हापूरचा निसर्ग बघायला निघालेला माणूस पश्चिमेला तोंड करतो. राधानगरी, दाजीपूर, गवे, आंबा घाट. पूर्वेकडे ऊस, साखर कारखाने आणि इचलकरंजीचे माग, त्यात बघायचं काय, असा आपला समज. पण या जिल्ह्याचा पाऊस बघा. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळात पाचशेच्या आसपास. शिरोळला महापूर येतो, २०१९ला आला, २०२१ला आला, तो पश्चिमेच्या पाण्याचा. तिथलं स्वतःचं आभाळ कोरडंच. नदीकाठची काळी जमीन सोडून चार पावलं वर चढलं की मुरूम लागतो, बसाल्टचा झिजलेला खडक लागतो, तरवड, बोर, हेकळ आणि निवडुंग लागतात.

पावसाची ही उतरंड लाव्ह्यांनी वाटून घेतली आहे. सह्याद्रीच्या माथ्याकडच्या दमट, गवताळ उतारांवर लाल चोचीचा, लाल पायांचा लाव्हा. मधल्या झुडपी जंगलात रानलाव्हा. आणि पूर्वेच्या कोरड्या, दगडगोट्यांच्या माळावर हा आपला खडकाळ मुलखातला लाव्हा. शास्त्रीय नाव पर्डिक्युला अर्गुंडा. तिघं चुलत भाऊच, गावात तिघांनाही एकच नाव.

माझ्यासोबत एक प्राथमिक शिक्षक होते. शाळा सुटल्यावर आणि रविवारी दुर्बीण घेऊन ते हे माळ पालथे घालतात. त्यांनी ओळखायची खूण सांगितली: "घसा बघायचा. रानलाव्ह्याचा घसा गडद तांबडा, त्याच्या कडेनं पांढरी मिशी, आणि डोळ्यावरची भुवई पार मानेपर्यंत गेलेली. याची भुवई आखूड, मिशी नाही, आणि घसा कौलाच्या रंगाचा." नराच्या छातीवर काळ्यापांढऱ्या बारीक आडव्या रेघा असतात, मामांच्या खांद्यावरच्या घोंगड्याच्या काठासारख्या. मादीच्या छातीवर रेघांचं नाव नाही, सगळी फिकट तांबूस. लांबी सतरा सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीपेक्षाही लहान.

जगात हा पक्षी फक्त भारतात आहे. शास्त्राच्या वहीत त्याची पहिली नोंद केली कर्नल विल्यम सायक्सनं, १८३२ साली, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडलेल्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत. सायक्सला कंपनी सरकारनं १८२४मध्ये नेमलं होतं ते दख्खनच्या जमिनीची, पिकांची, माणसांची आकडेवारी गोळा करायला. जमीन मोजायला आलेल्या त्या माणसाला, ज्या जमिनीतून सरकारला दमडी मिळत नव्हती तिथला हा पक्षीही नोंदवावासा वाटला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दबून बसण्याची विद्या

लाव्ह्याचं सगळं आयुष्य दिसू न देण्यावर उभं आहे. धोका आला की चिमणी उडते, टिटवी ओरडते, ससा पळतो. लाव्हा बसतो. मान आखडतो, पाय पोटाखाली घेतो आणि जमिनीला चिकटतो. पाठीवरची पिसं उदी, त्यावर काळपट ठिपके, मधून पिसाच्या दांड्याची फिकट रेघ, ती थेट वाळल्या काडीसारखी. सावली पडते ती सुद्धा दगडाची वाटावी अशी. ससाणा वरून गेला, मुंगूस बाजूनं गेलं, माणूस दोन पावलांवर थांबून विडी ओढून गेला, तरी तो हलत नाही.

अगदी अंगावर पाय पडायची वेळ आली की मात्र टोळीच्या टोळी एका दमात फुटते. त्या आवाजातच अर्धी सुटका असते. शिकारी दचकतो, दहा दिशांना उडणाऱ्या दहा पक्ष्यांतला कुठला धरावा हे ठरेपर्यंत दहाही गवतात उतरलेले असतात. त्यांना लांब उडता येत नाही, याला कारण आहे. कोंबडीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या छातीचे स्नायू झटक्यासाठी बनलेले असतात. क्षणात पूर्ण जोर लावतात आणि तितक्याच लवकर थकतात. मामांना स्नायूंचं शास्त्र ठाऊक नाही, पण ते म्हणाले, "दोनदा उडवलं की तिसऱ्यांदा त्येला उडवत न्हाई. बारकी पोरं हातानं धरायची. आमीबी धरल्यात."

उडून विखुरल्यावर पुढे काय, हा माझा प्रश्न होता. मामांनी मला एका बोरीच्या सावलीला बसवलं आणि बोलू नका म्हणाले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग ओढ्याच्या अंगानं एक बारीक, थरथरती शीळ आली. थोडी थांबली, पुन्हा आली. दुसरीकडून उत्तर आलं. तिसरं अगदी आमच्या पाठीमागून. टोळी एकमेकांना हाका मारत होती. अर्ध्या तासात त्या शिळा सरकत सरकत एका जागी गोळा झाल्या आणि बंद पडल्या. एकही पक्षी मला दिसला नव्हता. मामा म्हणाले, "झाली गोळा. आता रांगंनं पाण्याला जातील." त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. गवताच्या बुडातून मनगट जाईल एवढा बोगदा असतो, त्यातून एकामागे एक चालत ते डबक्यावर जातात. एका ठिकाणी गवत बाजूला करून शिक्षकांनी ती वाट दाखवली. येऊन-जाऊन गुळगुळीत झालेली, मुंग्यांच्या वाटेची मोठी बहीण वाटावी अशी.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट पाहिली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. तरवडाच्या एका झुडपाखाली मोकळ्या मातीवर विष्ठेच्या लहान लहान गोळ्यांचा एक ढीग होता, जेवणाच्या वाटीएवढ्या गोलात, पांढरट टोकांच्या गोळ्या. बाजूला दोन पिसं. रात्री टोळी इथं झोपली होती. झोपताना लाव्हे गोल करून बसतात, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर, अंगाला अंग लावून. थंडीत ऊब मिळते आणि कोल्हा किंवा रानमांजर कुठूनही आलं तरी कुणाचा तरी डोळा तिकडे असतोच. उडायची वेळ आली तर एकमेकांना न धडकता प्रत्येकाला आपल्या तोंडासमोरची दिशा मोकळी. मी तिथं गुडघ्यावर बसले आणि माझी ओंजळ त्या गोलावर धरली. ओंजळीपेक्षा जेमतेम मोठा होता. एवढ्याशा जागेत एक अख्खं कुटुंब रात्र काढतं.

फास

लाव्ह्याला सगळ्यात जास्त कुणी ओळखलं असेल तर ते पारध्यांनी. फासेपारधी हे नावच फासावरून पडलेलं. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास काड्यांना बांधून एका ओळीत, नेमके त्या गवतातल्या वाटेवर रोवायचे आणि पाखरं हळूहळू तिकडे हाकायची. हाकायची म्हणजे धावून नव्हे, धावलं की ती उडतात. म्हणून शिकवलेली गाय किंवा बैल पुढे घालून तिच्या आडून चालायचं. गुरांना लाव्हा आणि तित्तर घाबरत नाहीत, चालत पुढे सरकतात आणि फासात अडकतात. याच कसबावरून एका शाखेला गायपारधी म्हणतात.

कोल्हापूरजवळ राहणाऱ्या एका वृद्ध पारधी बाबांना मी भेटले. त्यांच्या नातवाचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक खाटेवर उघडं पडलेलं होतं. बाबांनी आधी विषय टाळला, साहजिकच होतं ते. १८७१च्या कायद्यानं त्यांच्यासारख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडलं. लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. छत्रपती शाहू महाराजांनी मात्र या माणसांना संस्थानात आसरा दिला, सोनतळीला वसवलं, कामं दिली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरची रोजची हजेरी त्यांनी १९१८ साली बंद केली. ही आठवण निघाली तेव्हा बाबा मोकळे झाले. मग त्यांनी ओठांची घडी करून लाव्ह्याची शीळ घातली. माळावर ऐकलेली तीच शीळ, तोच थरथरता शेवट. मी शहारले. "नराची येगळी, मादीची येगळी," ते म्हणाले आणि दोन्ही करून दाखवल्या. मला फरक कळला नाही. त्यांच्या नातवाला लगेच कळला.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातल्या लाव्ह्याची शिकार बंद झाली, ती बंदच राहायला हवी. आजही कुठं कुठं नायलॉनचे फास लागतात आणि ढाब्याच्या मागच्या दारानं पाखरं विकली जातात, म्हणून तर मी माळाचं नाव सांगत नाही. पण बाबांकडे जे ज्ञान आहे ते विचारायला आजवर त्यांच्या दाराशी कुणी गेलं नव्हतं, याची खंत वाटते. आंध्रात जेर्डनचा धाविक हा असाच काटेरी झुडपांतला, जमिनीवरचा, रात्री हिंडणारा पक्षी. १९००नंतर तो कुणाला दिसला नाही, संपला असंच धरून चालले होते. जानेवारी १९८६मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधमोहिमेत तो कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला, आणि रात्रीच्या अंधारात तो हुडकून काढणारा माणूस होता तिथलाच एक पाखरं पकडणारा.

पोटखराबा

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराबा. शेताच्या ज्या तुकड्यावर पीक निघत नाही, खडक आहे, नाला आहे, तो तुकडा या रकान्यात जातो. लाव्ह्याचा पत्ता लिहायचा झाला तर तो इथंच लिहावा लागेल. त्याच्या पलीकडे गायरान, त्याच्या पलीकडे पडीक. देशपातळीवर उपग्रहाच्या चित्रांवरून पडीक जमिनींचा जो नकाशा-संग्रह निघतो, त्यातही झुडपांच्या जमिनीला असाच वर्ग आहे. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या दोघा अभ्यासकांनी हीच भूमी वेगळ्या नजरेनं मोजली. कोरड्या प्रदेशातली नैसर्गिक माळरानं, झुडपी राने, खडकाळ सडे असं सगळं धरून ती सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर भरली, म्हणजे देशाचा जवळपास दहावा हिस्सा. त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित आहे. सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालं, तो माळढोकही आता हातचा गेल्यासारखा आहे. लाव्ह्यासाठी तर कुणी एक पाटीसुद्धा लावलेली नाही.

कोल्हापूरला माळाचं मोल कळत नव्हतं असं नाही. संस्थानकाळात याच पूर्वेच्या माळांवर काळवीट होते आणि शिकवलेले चित्ते त्यांच्यामागे सोडायचा दरबारी छंद होता. त्यासाठी उघडा, विस्तीर्ण माळ लागतो. शिकारीसाठी का होईना, माळ माळ म्हणून राखला जात होता. चित्ते गेले, काळवीट गेले, आणि मग माळाकडे बघायचं कारणच उरलं नाही.

आता माळ तीन बाजूंनी खचतो आहे. एक म्हणजे मुरूम. रस्त्याला भर लागते, घराच्या जोत्याला भर लागते, आणि ती टेकडीच्या कुशीतून येते. आम्ही मेमध्ये ज्या उतारावर चहा प्यायलो तिथं श्रावणात वीस फूट खोल खण होती, कडेला डंपरच्या चाकांचे चर. दुसरा ऊस. नदीवरून उपसा योजनेचं पाणी पाइपनं माळावर चढतं, जेसीबी दगड उपसतो, वर गाळाची माती पसरतात आणि दोन वर्षांत तिथं ऊस डोलू लागतो. मी त्या शेतकऱ्याला दोष देणार नाही. ज्या घरी थांबले होते, त्या घरानं सोसायटीचं कर्ज काढून असाच अडीच एकर माळ फोडला. त्या उसावर त्यांच्या मुलीचं इंजिनिअरिंग झालं. वहिनी मला हात धरून विहिरीवर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "हितं पयलं कुत्रं सुदिक बसत नव्हतं." त्यांचा अभिमान खरा आहे. त्यांच्या बांधावर अजून चित्तर ओरडतं, कारण चित्तर उसाच्या कडेनं तग धरतं. लाव्हा नाही धरत. त्याला लागते उघडी माती, विरळ गवत, दगड आणि झुडूप, चारही एकाच ठिकाणी.

तिसरी गोष्ट सांगताना जीव जड होतो, कारण ती चांगल्या हेतूनं होते. झाडं लावणं. माळ म्हणजे उजाड, उजाड म्हणजे चुकीचं, तेव्हा तिथं झाडं हवीत, हे आपल्या मनात शाळेपासून बसलेलं आहे. २०१९ साली राज्यानं तेहतीस कोटी झाडांचा संकल्प केला, तेव्हा मोकळी जागा म्हणून डोळ्यांसमोर आले ते माळच. उतारावर सलग समतल चर खणले जातात, कडेनं गिरिपुष्प लागतं. पाणी मुरावं म्हणून चर हवेत, हे मला मान्य आहे. पण अंगठ्याएवढ्या पिल्लाला दीड-दोन फूट खोल चर म्हणजे खंदक. गिरिपुष्पाची सावली दाट झाली की खालचं कुसळी आणि पवन्या गवत मरतं, आणि लाव्ह्याचं अन्न तर गवताचं बी आणि गवतातली वाळवी, मुंगी. शिक्षक म्हणाले, "मी मुलांकडून झाडं लावून घ्यायचो. आता आधी त्यांना माळावर नेतो, पालथं पडून तासभर बघायला लावतो. मग ठरवतो, लावायचं की नाही."

श्रावणातला शेवटचा सोमवार

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी रामलिंगला दर्शनाची गर्दी होती. ओल्या पायऱ्या, बेलाची पानं, बायकांच्या हातात तांब्या. देवदर्शन करून मी माळाकडे वळले. मेमधला भाजलेला माळ हिरवा झाला होता, कुसळी गवत गुडघ्याला लागत होतं. मामांनी लांबूनच हात करून थांबवलं.

पावसात टोळ्या मोडतात, जोड्या होतात, नर एकमेकांशी कडाकडा भांडतात. मादी झुडपाच्या किंवा गवताच्या बुडाशी मातीत खळगा करते, आत गवत पसरते आणि चार ते आठ अंडी घालते, साईच्या रंगाची. मामांना ती जागा आठवडाभर आधी कळली होती. त्यांचं एक कोकरू तिथं थबकलं म्हणून. आम्ही जवळ गेलो नाही. वीस पावलांवरून दुर्बिणीतून मला गवताचा एक झुबका दिसला आणि बऱ्याच वेळानं त्या झुबक्यात एक डोळा दिसला. काळा, ओला, न मिटणारा. बाकी पक्षी असा दिसलाच नाही.

"मेंढरं कशी सांभाळता इथनं?" मी विचारलं.

"सांभाळायचं काय त्यात? हितनं न्हाई न्यायची, तितनं न्यायची." त्यांनी त्या झुबक्यापासून जरा लांब, दोन्ही बाजूंना, तीन-तीन दगड एकावर एक रचून ठेवले होते. एरवी कुणाच्या नजरेतही भरले नसते.

अनंत चतुर्दशीनंतर मी पुन्हा गेले, तेव्हा मामांनी या खेपेला जवळ बोलावलं. खळगा रिकामा होता. आत सहा टरफलं होती, प्रत्येकाचं रुंद टोक डब्याच्या झाकणासारखं गोल कापून उघडलेलं, एका बाजूला पापुद्र्यानं अजून धरलेलं. फुटलेलं, चिरडलेलं एकही नव्हतं. लाव्ह्याची पिल्लं घरट्यात राहत नाहीत. अंग वाळलं की आईमागे चालू लागतात. मी एक टरफल तळहातावर घेतलं. त्याला वजनच नव्हतं. झाकण उघडमीट करून पाहिलं, पुन्हा होतं तिथं ठेवलं.

मामांनी दगडांची रास मोडली आणि तोंडानं च्यक च्यक करत मेंढरं वळवली. ती त्या जागेवरून पसरत पुढे सरकली. मेंढरांचा आवाज लांब गेल्यावर ओढ्याच्या अंगानं शीळ आली, बारीक, थरथरती. मामा चालता चालता थांबले, तिकडे न बघता म्हणाले, "पोरास्नी बोलावतीय," आणि काठी खांद्यावर टाकून मेंढरांमागे गेले.